गाळणी ताणली की काय होते?

हवेतली धूळ अडवणाऱ्या कापडाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: ते किती टक्के कण अडवते? एन-९५ या मास्कच्या नावातला आकडाही तेवढेच सांगतो. पण कापड कितीही चांगले असले तरी ते कडेला नीट बसले नाही, तर हवा न गाळताच आत शिरते. माणसाचा चेहरा सपाट नसतो. तो बोलतो, हलतो, घामेजतो, आणि प्रत्येकाची ठेवण निराळी असते. अशा चेहऱ्यावर घट्ट बसायचे, तर कापडाला ताणता आले पाहिजे आणि ताण सुटल्यावर मूळ आकारात परतताही आले पाहिजे. अडचण अशी की गाळणी ताणली की तिचे तंतू एकमेकांपासून दूर जातात आणि तिची गाळण्याची ताकद घटते. घट्ट बसणे आणि नीट गाळणे या दोन गुणांचा मेळ कसा घालायचा, हा लवचीक नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेल्या, गाळण्यांपुढचा मुख्य प्रश्न आहे. दिवसभर धुळीत काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांशी त्याचा थेट संबंध असल्याने तो समजून घेणे महत्त्वाचे आहे.

विणीशिवाय बनणारे कापड

साध्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांत विणलेले असतात, तर बनियनच्या कापडात टाक्यांची साखळी असते. नॉनवोव्हनमध्ये धागाच नसतो. सुटे तंतू वेड्यावाकड्या दिशांनी एकावर एक पसरतात आणि मग उष्णतेने, काटेरी सुयांनी किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकमेकांना बांधले जातात.

हवा गाळण्यासाठी त्यातले दोन प्रकार मुख्य आहेत. पहिला स्पनबाँड. यात पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लास्टिक वितळवून छिद्रांतून अखंड तंतूंच्या रूपात ओढतात आणि सरकत्या पट्ट्यावर पसरतात. हे तंतू साधारण १५ ते २५ मायक्रॉन जाडीचे असतात. कापड मजबूत होते, पण अतिसूक्ष्म धूळ त्यातून सहज निसटते. दुसरा प्रकार मेल्टब्लोन. यात छिद्रातून बाहेर पडणाऱ्या वितळलेल्या प्लास्टिकवर दोन्ही बाजूंनी गरम हवेचे वेगवान झोत सोडतात. झोतांनी तंतू ताणला जाऊन साधारण १ ते ५ मायक्रॉनपर्यंत बारीक होतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या बारीकपणाची कल्पना यावी.

मेल्टब्लोनची मूळ पद्धत अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९५४च्या सुमारास व्हॅन वेंटे यांनी विकसित केली. अणुचाचण्यांनंतर वातावरणाच्या वरच्या थरांत पसरणारे किरणोत्सारी कण पकडता यावेत, म्हणून अतिशय बारीक तंतूंची गाळणी हवी होती. आजच्या बहुतेक मास्कमध्ये मधला थर मेल्टब्लोनचा आणि त्याला आधार देणारे बाहेरचे थर स्पनबाँडचे असतात. हवा गाळण्याचे खरे काम मधला नाजूक थर करतो. मात्र तो थोडा जास्त ताणला की फाटतो.

गाळणी कण कसे पकडते?

पिठाची चाळणी आपल्या भोकांपेक्षा मोठे कण अडवते आणि लहान कण खाली सोडते. तंतूंची गाळणी तशी चालत नाही. मेल्टब्लोन कापडाचा सुमारे नऊ-दशांश भाग रिकामी जागा असते आणि त्यातल्या वाटा ०.३ मायक्रॉनच्या कणापेक्षा कितीतरी रुंद असतात. तरीही कण अडकतो, कारण हवेला त्या चक्रव्यूहातून वळणे घेत जावे लागते आणि वाटेत कुठेतरी कण तंतूला शिवतो. एकदा शिवला की रेणूंमधल्या आकर्षणाने तो तिथेच चिकटतो.

कण तंतूला तीन प्रकारे शिवतो. साधारण १ मायक्रॉनपेक्षा मोठे कण जड असतात. हवा तंतूभोवती वळते, पण त्यांना तेवढ्या चपळाईने वळता येत नाही आणि ते सरळ तंतूवर आदळतात. मधल्या आकाराचे कण हवेबरोबर वळतात, पण तंतूच्या इतक्या जवळून जातात की त्यांची कड त्याला लागते. ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान कणांना हवेचे रेणू सतत धक्के देत असतात. त्यामुळे ते वेडेवाकडे भरकटतात आणि भरकटता भरकटता तंतूवर जाऊन पडतात. ही ब्राउनियन गती.

म्हणजे मोठे कणही सापडतात आणि अगदी लहानही. सर्वांत जास्त निसटतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. चाचणीसाठी याच आकाराचे कण निवडण्यामागे हे कारण आहे. सर्वांत कठीण कण अडला, तर त्याहून मोठे आणि लहान कण अडणारच.

तंतूंवरचा विद्युतभार

कण जास्त पकडायचे तर कापड जाड करता येते, पण मग श्वास घ्यायला त्रास होतो. हवा गाळणीतून जाताना तिचा दाब जितका कमी होतो, तितकी ताकद फुप्फुसांना किंवा पंख्याला लावावी लागते. यावर उपाय म्हणून तंतूंना कायमचा विद्युतभार देतात. अशा भारित पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. भारित तंतू कणाला दुरूनच ओढून घेतो, त्यामुळे कापड विरळ ठेवूनही चांगले गाळता येते.

सोव्हिएत रशियात इगोर पेत्र्यानोव्ह-सोकोलोव्ह यांच्या चमूने १९३०च्या दशकाच्या अखेरीस विद्युतक्षेत्राच्या मदतीने अतिसूक्ष्म तंतू काढून गाळणीचे कापड बनवले होते. त्याच कापडाचा ‘लेपेस्तोक’ हा हलका मास्क १९५०च्या दशकात आला आणि १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तिथे काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिसला. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठातले पीटर त्साय यांनी १९९०च्या दशकात मेल्टब्लोन कापडाला विद्युतभार देण्याचे तंत्र विकसित केले आणि ते एन-९५ मास्कसाठी मोलाचे ठरले.

पॉलिप्रॉपिलीन वीज वाहू देत नाही आणि पाणीही शोषत नाही. त्यामुळे त्यात भार दीर्घकाळ टिकतो. लवचीक गाळणी बनवताना नेमका हाच गुण हातचा जातो. त्याबद्दल पुढे.

खरी गळती कडेने होते

ताणली जाणारी गाळणी हवीच कशाला, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, मास्कचे कापड ९५ टक्के कण अडवते, पण आत येणाऱ्या हवेपैकी १० टक्के हवा नाकाजवळच्या आणि गालाजवळच्या फटींतून येते. फटींतून आलेले १० टक्के कण जसेच्या तसे आत गेले. उरलेल्या ९० टक्के हवेतले पाच टक्के, म्हणजे ४.५, कापडातून निसटले. एकूण १४.५ टक्के कण आत गेले.

आता कापड सुधारून ९९ टक्क्यांचे केले आणि फटी तशाच ठेवल्या, तर आत जाणारे कण १०.९ टक्क्यांवर येतात. याउलट कापड ९५ टक्क्यांचेच ठेवून फटींतली हवा २ टक्क्यांवर आणली, तर ते ६.९ टक्क्यांवर उतरतात. फट बुजवल्याने झालेला फायदा कापड सुधारल्याच्या फायद्याहून मोठा आहे.

यात आणखी एक मेख आहे. कापड जाड करून गाळण वाढवली की त्यातून हवा जाणे कठीण होते आणि ती फटींकडे अधिक वळते. म्हणून ढिल्या बसलेल्या मास्कमध्ये जाड कापड घातल्याने अपेक्षित लाभ मिळत नाही. कापड हलके हवे आणि कड घट्ट हवी.

प्रमाणपत्रावरचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेच्या चाचणीत मास्कच्या कडा पक्क्या सीलबंद करून मिनिटाला ८५ लिटर वेगाने हवा ओढतात. त्यातून कापडाची क्षमता कळते. मास्क एखाद्या चेहऱ्यावर कसा बसेल, हे वेगळ्या ‘फिट’ चाचणीने तपासावे लागते. युरोपीय मानक ईएन १४९ मध्ये माणसांना मास्क घालून हालचाली करायला लावतात आणि एकूण किती कण आत गेले हेही मोजतात. भारतात आयएस ९४७३ हे मानक मास्कचे एफएफपी-१, एफएफपी-२ आणि एफएफपी-३ असे वर्ग करते.

ताणल्यावर काय बिघडते?

एका चौरस मीटरला ३० ग्रॅम वजनाचे कापड १०० पैकी ५ कण सोडते असे धरू. हे कापड १० ग्रॅमच्या तीन सारख्या थरांचे आहे अशी कल्पना करू. प्रत्येक थर आपल्यापर्यंत आलेल्या कणांचा ठरावीक हिस्सा अडवतो. पहिल्या थरातून सुमारे ३७ कण पुढे जातात, दुसऱ्यातून १४ आणि तिसऱ्यातून ५.

आता हे कापड रुंदी कायम ठेवून दीडपट लांब ताणले. तेवढेच तंतू दीडपट जागेवर पसरले, म्हणजे वजन चौरस मीटरला २० ग्रॅम झाले. जणू एक थर कमी झाला. निसटणारे कण ५ वरून जवळपास १४ वर गेले. ९५ टक्क्यांची गाळणी ८६ टक्क्यांवर आली. प्रत्यक्षात काही गोष्टी थोडी भरपाई करतात. क्षेत्रफळ वाढल्याने तेवढीच हवा जरा सावकाश गाळणीतून जाते आणि बारीक कणांना तंतूवर पडायला जास्त वेळ मिळतो. तंतू रबरी असतील, तर ते स्वतःच लांबतात आणि बारीक होतात, त्यानेही मदत होते. पण काही गोष्टी नुकसान वाढवतात. तंतू सारखे पसरत नाहीत. आधीच विरळ असलेल्या जागा आणखी विरळ होतात आणि हवा नेमकी तिथूनच वाट काढते. विद्युतभारही तेवढाच राहून मोठ्या क्षेत्रावर विखुरतो.

साध्या मेल्टब्लोनची आणखी एक मर्यादा आहे. त्यातले तंतू एकमेकांना जिथे चिकटलेले असतात, ते सांधे ताणाने सुटतात आणि पुन्हा जुळत नाहीत. ताण सोडल्यावर कापड सैलच राहते. म्हणून ताणले जाण्याइतकेच परत येणेही तपासावे लागते.

लवचीकपणा आणण्याच्या वाटा

पहिली वाट रबरी गुणाच्या प्लास्टिकची. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे टीपीयू, हे त्यातले परिचित नाव. त्याच्या रेणूसाखळीत मऊ आणि कडक असे तुकडे आलटून पालटून असतात. मऊ तुकडे ताणले जातात आणि कडक तुकडे साखळ्या एकमेकींपासून निसटू देत नाहीत, म्हणून ताण सुटताच कापड परत येते. स्टायरीन गटातले ब्लॉक कोपॉलिमर आणि प्रॉपिलीनवर आधारित इलॅस्टोमरही वापरतात. यात दोन अडचणी येतात. रबरी तंतू गरम हवेने ओढले तरी आकसू पाहतात आणि एकमेकांना चिकटतात, त्यामुळे ते पॉलिप्रॉपिलीनइतके बारीक करणे अवघड जाते. शिवाय टीपीयू ओलावा शोषते आणि त्यातला विद्युतभार लवकर ओसरतो. मग विद्युतभारावर न विसंबता तंतूच अतिसूक्ष्म करावे लागतात. टीपीयूचे द्रावण विद्युतक्षेत्रात ओढून मायक्रॉनहून बारीक तंतू काढता येतात, पण हे उत्पादन संथ असते आणि द्रावकांची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते.

दुसरी वाट कुरळ्या तंतूंची. एकाच तंतूच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी प्लास्टिके ठेवतात. गरम केल्यावर एक बाजू जास्त आकसते आणि तंतू वेटोळे घेतो. कापड ताणले की आधी ही वेटोळी उलगडतात आणि खुद्द तंतूवर फारसा ताण येत नाही. लोकरीत हा कुरळेपणा निसर्गतःच असतो. या कापडात हवा खेळती राहते, पण ते तंतू तुलनेने जाड असल्याने गाळणीचा मुख्य थर म्हणून एकटे अपुरे पडतात.

तिसरी वाट चुण्यांची. मला ती सर्वांत विचारपूर्वक काढलेली वाटते. एक सच्छिद्र लवचीक थर ताणून धरतात, त्यावर साधे भारित मेल्टब्लोन ठिकठिकाणी जोडतात आणि ताण सोडतात. लवचीक थर आकसतो आणि वरच्या गाळणीला बारीक चुण्या पडतात. पुढे वापरताना कापड ताणले, की फक्त चुण्या उघडतात. गाळणीचे तंतू आपल्या जागी राहतात आणि विद्युतभारही शाबूत राहतो. बाळांच्या डायपरच्या कमरपट्ट्यांत असे जोडकाम फार पूर्वीपासून होते. हवा गाळताना पथ्य एवढेच, की जोडताना उष्णतेने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने गाळणीला भोक पडू नये, आणि कापड चुण्या पूर्ण उघडतील त्यापलीकडे ताणू नये.

सगळीकडे ताण सारखा नसतो

प्रत्येक गाळणीला दर क्षणी ताणावे लागते असे नाही. वाटीच्या आकाराच्या मास्कमध्ये कापड घडवताना एकदाच ताणले जाते. तिथे भीती असते ती कोपऱ्यांत आणि नाकाच्या उंचवट्यावर कापड पातळ होण्याची. चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या मऊ मास्कमध्ये मात्र जबडा हलेल तसा ताण बदलतो. तिथे मधला भाग स्थिर ठेवून फक्त काठ लवचीक करणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. गाळणीने गाळावे, काठाने पकडावे.

सिमेंट कारखान्यातल्या धूळ गाळणाऱ्या पिशव्यांचा प्रश्न निराळा असतो. सुयांनी गुंतवलेल्या जाड नॉनवोव्हनच्या या लांब पिशव्यांवर धूळ साचली की आतून दाबाखालच्या हवेचा झटका देतात. पिशवी क्षणभर फुगते आणि धुळीचा थर गळून पडतो. पिशवी फुगली नाही तर धूळ सुटत नाही आणि जास्त फुगली तर तिच्या तंतूंची गुंतागुंत सैलावून धूळ आरपार जाते. तिथे ताण हा गाळणी साफ करण्याचा भाग आहे आणि तो आवरून धरावा लागतो.

आपल्याकडचे काम

इचलकरंजी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. याच गावातल्या डीकेटीई संस्थेत केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या योजनेतून नॉनवोव्हनसाठी उत्कृष्टता केंद्र उभे राहिले. मुंबईत घाटकोपरची बीटीआरए आणि वरळीची सस्मिरा, तसेच ठाण्याची वूल रिसर्च असोसिएशन या संस्थाही तांत्रिक वस्त्रांवर काम करतात. म्हणजे या विषयाची यंत्रे, चाचण्या आणि जाणकार महाराष्ट्रात आहेत.

गरजही इथेच आहे. कापसाच्या धुळीने पिंजारी आणि सूतगिरणी कामगारांना बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. खडी फोडणाऱ्यांना आणि दगड कापणाऱ्यांना सिलिकाच्या धुळीमुळे सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. अमेरिकेतल्या मास्कच्या मापांसाठी २००३ साली तिथल्या सुमारे चार हजार कामगारांचे चेहरे मोजले गेले. आपल्या खाणकामगारांच्या, लहान चणीच्या स्त्रियांच्या आणि तरुण मजुरांच्या चेहऱ्यांवर तीच मापे बसतीलच असे नाही. लवचीक काठाची गाळणी निरनिराळ्या चेहऱ्यांना सामावून घेते, म्हणून आपल्याकडे तिचे मोल अधिक आहे.

विकत घेताना आणि वापरताना

मास्क लावल्यावर दोन्ही हातांनी तो झाकून जोरात श्वास सोडावा. कडेने हवा लागली किंवा चष्म्यावर वाफ आली, तर नाकपट्टी आणि पट्टे पुन्हा नीट करावेत. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कानांना अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा कड चेहऱ्यावर सारख्या दाबाने धरून ठेवतात. दाढी वाढलेली असेल तर कड घट्ट बसत नाही. कापड लवचीक असले तरी ही अडचण सुटत नाही. भारित मास्क साबणाने किंवा अल्कोहोलने धुऊ नये. कापड स्वच्छ दिसेल, पण विद्युतभार जाईल आणि त्याबरोबर गाळण्याची बरीचशी ताकदही.

लवचीक गाळणी घेणाऱ्या कारखान्याने आणि सरकारी खरेदी करणाऱ्या खात्याने पुरवठादाराला तीन आकडे विचारावेत: वापरात जेवढा ताण येतो तेवढ्या ताणावर कापड किती कण अडवते, त्या ताणावर हवेला किती अडथळा होतो, आणि दिवसभर ताणून सोडल्यावर ते किती परत येते. सपाट, सैल तुकड्यावर मोजलेला एकच आकडा या तीन प्रश्नांची उत्तरे देत नाही. हे आकडे वेष्टणावर छापणे बंधनकारक झाले, तर बनवणाराही कापड तसेच घडवेल आणि धुळीत उभ्या असलेल्या कामगाराला वेष्टणावर जेवढे संरक्षण लिहिले आहे तेवढे खरोखर मिळेल.